फेलोशिप कोणाच्या नावावर?

जीवशास्त्रात एम.एस्सी. झालेला माजी विद्यार्थी पेढे घेऊन शाळेत येतो. पुढे काय, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : 'नेटचा अभ्यास करतोय.' नेट कशासाठी, असे विचारले तर 'प्राध्यापक होण्यासाठी' किंवा 'पीएच.डी.साठी' यांपैकी एक उत्तर मिळते. पीएच.डी. करताना पोटापाण्याचे काय, ती कुठे करायची, कुणाकडे करायची आणि झाल्यावर पुढे काय, या प्रश्नांपाशी मात्र बोलणे अडखळते. यात त्या विद्यार्थ्याचा दोष नाही. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेशाचे वेळापत्रक गावातल्या पानवाल्यालाही ठाऊक असते. संशोधनाच्या वाटेची माहिती मोठ्या संस्थांच्या वसतिगृहांत तोंडोतोंडी फिरते, आणि ती तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत पोचते तोवर मुलाची दोन-तीन वर्षे गेलेली असतात. या क्षेत्रात वयाच्या अटी असल्यामुळे ही वर्षे फार महाग पडतात.

संशोधनासाठी पैसे देणाऱ्या योजना पुष्कळ आहेत. त्यांची नावे पाठ करण्यात फारसा अर्थ नाही, कारण योजना बदलतात, बंदही होतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप २०२२ साली बंद करण्यात आली, तेव्हा तिच्या भरवशावर बसलेल्या अनेकांना नव्याने शोधाशोध करावी लागली. म्हणून या लेखात आम्ही योजनांची जंत्री देणार नाही. कोणतीही जाहिरात समोर आली की पहिल्याने एक प्रश्न विचारावा, एवढेच सुचवणार आहोत : हा पैसा कोणाच्या नावावर आहे? उमेदवाराच्या, की प्रयोगशाळेच्या?

एकच नाव, दोन वस्तू

'जे.आर.एफ.' म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती. हे एकच नाव दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावले जाते आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिल्या प्रकारात विद्यार्थी राष्ट्रीय परीक्षा देतो आणि अधिछात्रवृत्ती त्याला व्यक्तिशः मिळते. ते पत्र खिशात घालून तो मान्यताप्राप्त विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत जातो, तिथल्या शास्त्रज्ञाला भेटतो आणि म्हणतो, 'माझा पैसा मी घेऊन आलो आहे, मला तुमच्याकडे काम करायचे आहे.' शास्त्रज्ञाला अशा विद्यार्थ्यासाठी स्वतःच्या अनुदानातून पगार काढावा लागत नाही. साहजिकच असा विद्यार्थी अनेकांना हवा असतो, आणि निवड करण्याची थोडीफार मोकळीक विद्यार्थ्याच्या हाती येते.

दुसऱ्या प्रकारात पैसा शास्त्रज्ञाला मिळालेला असतो. समजा, एखाद्या प्राध्यापिकेला हळदीवरील बुरशीच्या अभ्यासासाठी तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला. त्यात एक जे.आर.एफ.ची जागा आहे. मग जाहिरात निघते : 'प्रकल्पासाठी जे.आर.एफ. पाहिजे, थेट मुलाखत अमुक तारखेला.' इथे निवडलेल्या मुलाला दरमहा तेवढीच रक्कम मिळू शकते, पण जागा प्रकल्पाची आहे. प्रकल्प संपला की जागा संपली. तो दीड वर्षाने दुसरीकडे गेला तर पैसा मागेच राहतो.

दुसरा प्रकार कमी प्रतीचा आहे असे मात्र कोणी समजू नये. छोट्या महाविद्यालयात ज्याने सूक्ष्मदर्शकापलीकडे फारसे काही हाताळलेले नाही, त्याच्यासाठी वर्षभराची प्रकल्पातील नोकरी ही उत्तम शाळा ठरते. प्रयोगशाळेत आठ-आठ तास उभे राहणे, चौथ्यांदा फसलेला प्रयोग पाचव्यांदा लावणे आपल्याला जमते की नाही, हे तिथेच कळते. फक्त रुजू होण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : प्रकल्पाची किती मुदत उरली आहे? या कामावर पीएच.डी.ची नोंदणी होईल का? आणि प्रकल्प संपल्यावर काय? आपल्याकडील विद्यार्थी हे विचारायला संकोचतात. सर रागावतील अशी भीती असते. या प्रश्नांवर रागावणाऱ्या मार्गदर्शकाकडे पाच वर्षे कशी जातील, याचा अंदाज त्याच वेळी घेतलेला बरा.

नेटविषयी थोडेसे

पहिल्या प्रकारच्या पैशाचा सर्वांत मोठा दरवाजा म्हणजे सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट. जीवविज्ञानाचा पेपर तीन तासांचा आणि २०० गुणांचा असतो. 'अ' भागात सामान्य तर्क आणि आकडेमोड (२० पैकी १५ प्रश्न, ३० गुण), 'ब' भागात विषयाची माहिती (५० पैकी ३५ प्रश्न, ७० गुण) आणि 'क' भागात ७५ पैकी २५ प्रश्न, प्रत्येकी ४ गुणांचे. म्हणजे निम्मे गुण केवळ पंचवीस प्रश्नांवर ठरतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या पाव गुण वजा होतात.

अभ्यासक्रमाचे तेरा घटक आहेत : रेणूंपासून परिसंस्थेपर्यंत सगळे काही. ते पाहून विद्यार्थी घाबरतो आणि तेराही घटकांच्या नोट्स पाठ करायला बसतो. पण 'क' भागात तीनांतला एकच प्रश्न सोडवायचा आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रतिकारशास्त्रातले बारकावे आले नाहीत म्हणून काही बिघडत नाही. त्याने चार-पाच घटक खोलवर करावेत. शिवाय या भागात बहुधा प्रयोग आणि त्याचे निष्कर्ष दिलेले असतात आणि त्यावरून काय म्हणता येईल व काय म्हणता येणार नाही, हे विचारलेले असते. आलेख वाचण्याची ही सवय एम.एस्सी.नंतर शिकवणीवर्गात लागणे कठीण. आठवी-नववीत बियांच्या उगवणीचे आकडे मुलांकडून फळ्यावर मांडून घेणारा शिक्षक नेटची तयारीच करून घेत असतो, हे त्याच्या लक्षातही येत नसेल.

२०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट केले जातात. वरच्या गटाला अधिछात्रवृत्ती, साहाय्यक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश असे तिन्ही मिळते. दुसऱ्याला पात्रता व पीएच.डी. प्रवेश. तिसऱ्याला फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी ते गुण वापरता येतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या गटाचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. 'नेट पास झालो' एवढ्यावर म्हणूनच थांबू नये. कोणत्या गटात, ते पाहावे. महाराष्ट्र व गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेते ती सेट परीक्षा तर केवळ प्राध्यापकपदाच्या पात्रतेची आहे. सेटमधून फेलोशिप मिळत नाही.

अधिछात्रवृत्तीची रक्कम २०१४ मध्ये दरमहा २५,००० रुपये झाली, २०१९ मध्ये ३१,००० आणि १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे ३७,००० व पुढे ४२,००० रुपये, घरभाडे वेगळे. ही प्रत्येक वाढ विद्यार्थ्यांनी बरीच ओरड केल्यावर झाली, हेही सांगायला हवे. शिवाय पैसे महिन्याच्या एक तारखेला येतातच असे नाही. कधी तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. घरून मदत होऊ न शकणाऱ्या मुलाने सुरुवातीच्या महिन्यांची सोय आधी करून ठेवावी.

दार एकच नाही

पुण्यातल्या पुण्यात पाहा. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र जैवतंत्रज्ञान विभागाचे, आघारकर संशोधन संस्था विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सी.एस.आय.आर.ची, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आय.सी.एम.आर.ची आणि आयसर शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. एका गावातल्या या पाच संस्थांत जीवविज्ञानाचे संशोधन चालते, पण प्रत्येकीचा दाता वेगळा, म्हणून प्रवेशाचे नियमही थोडेफार वेगळे. मुंबईत टी.आय.एफ.आर., परळची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था, खारघरला टाटा स्मारकाचे ॲक्ट्रेक, नागपूरला नीरी, गोव्यात दोनापावल्याची समुद्रविज्ञान संस्था, अशी ही यादी बरीच वाढवता येईल.

नेटशिवायचे महत्त्वाचे मार्ग असे : जैवतंत्रज्ञान विभागाची 'बेट' परीक्षा, तिच्या पहिल्या वर्गातील फेलोशिप उमेदवाराच्या नावावर असते, तर दुसऱ्या वर्गातील उमेदवाराला विभागाच्या प्रकल्पांत जागा मिळवता येते. म्हणजे आपला मूळ प्रश्न इथे परीक्षेच्या निकालातच उतरला आहे. आय.सी.एम.आर.ची स्वतःची परीक्षा आहे. टी.आय.एफ.आर. व तिचे बंगळूरचे केंद्र एन.सी.बी.एस. यांची जीवविज्ञानाची संयुक्त प्रवेश परीक्षा आहे. विद्यापीठात पदव्युत्तर परीक्षेत पहिले आलेल्यांसाठी 'इन्स्पायर' आहे. राज्यातील बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे लागते, कारण जागा आणि तारखा दर वर्षी सारख्या नसतात.

शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसाठीही एक सोय आहे. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. पदवीचा विद्यार्थी उन्हाळ्यात साधारण दोन महिने एखाद्या नामवंत प्रयोगशाळेत काम करतो, आणि महाविद्यालयीन शिक्षकांनाही त्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज हिवाळ्यातच मागवले जातात. मे महिन्यात चौकशी करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पीएच.डी.नंतरची वर्षे

आता 'पोस्टडॉक' या शब्दाकडे वळू. ही पदवी नाही आणि कायमची नोकरीही नाही. पीएच.डी. झालेला संशोधक दोन ते पाच वर्षे दुसऱ्या कोणाच्या प्रयोगशाळेत स्वतःचा प्रश्न घेऊन काम करतो, तो काळ म्हणजे पोस्टडॉक. गाण्यातला शिष्य एका घराण्याची तालीम पुरी करून दुसऱ्या गुरूसमोर बसतो, तसे काहीसे. जीवविज्ञानात ही पायरी जवळजवळ सक्तीची झाली आहे. चांगल्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञाची जागा हवी असेल तर या वर्षांतले काम पाहिले जाते.

या पायरीने काय घडते, याचे एक उदाहरण हरगोविंद खुराना यांचे. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १९४५ मध्ये लिव्हरपूलला गेले आणि १९४८ मध्ये पीएच.डी. झाले. विषय होता सेंद्रिय रसायनशास्त्र. मग एक वर्ष झुरिकला प्रेलॉग यांच्याकडे काढून ते भारतात परतले, पण मनासारखी जागा मिळाली नाही. पुन्हा इंग्लंडला जाऊन १९५० ते १९५२ ही दोन वर्षे केंब्रिजमध्ये केनर व टॉड यांच्याबरोबर त्यांनी काम केले. टॉड यांचा विषय होता न्यूक्लिओटाइडे, म्हणजे डी.एन.ए. व आर.एन.ए. ज्या घटकांचे बनतात ते. खुरानांना न्यूक्लिइक आम्लांची गोडी लागली ती इथे. जनुकीय संकेताच्या उलगड्यासाठी १९६८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, त्या कामाचे बी या दोन वर्षांत पडले होते. पीएच.डी.चाच विषय पुढे घोटत राहिले असते तर ते केंब्रिजला गेलेच नसते.

आपल्याकडे मात्र पीएच.डी. झाली की त्याच मार्गदर्शकाकडे, त्याच टेबलावर, पुढच्या प्रकल्पात चिकटून राहण्याची रीत आहे. सोय असते, ओळख असते, घर जवळ असते. पण अनेक आंतरराष्ट्रीय फेलोशिपांच्या अटी नेमक्या याच्या उलट आहेत. 'ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्राम' देश बदलायला तर सांगतोच, शिवाय आधीच्या कामापेक्षा वेगळा विषय मागतो. युरोपीय संघाची मारी क्युरी फेलोशिप ज्या देशात जायचे त्या देशात आधीच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून अधिक राहिलेल्याला मिळत नाही. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप पीएच.डी.नंतर चार वर्षांच्या आत मागावी लागते. म्हणजे एक घड्याळ पीएच.डी.च्या दिवसापासून चालू होते. तासिका तत्त्वावर शिकवत, कायम जागेची वाट पाहत काढलेली वर्षेही त्यात मोजली जातात. मूल झाल्यामुळे खंड पडला असेल तर बऱ्याच योजनांत सवलत असते, आणि आपल्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा 'वाईज-किरण' कार्यक्रम खास स्त्री संशोधकांसाठी आहे.

इथेही आपला जुना प्रश्न लागू पडतो. वरच्या सर्व फेलोशिप व्यक्तीच्या नावावरच्या आहेत. भारतातील राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपही तशीच. ती देणारे मंडळ २०२३ च्या कायद्यानंतर 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन'मध्ये सामावले गेले. याउलट अमेरिकेतील बहुसंख्य पोस्टडॉक जागा शास्त्रज्ञाच्या प्रकल्पातील असतात. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेची व्यक्तिगत पोस्टडॉक फेलोशिप तेथील नागरिक व कायम रहिवासी यांनाच मिळते, भारतीयाला नाही. पण त्याच संस्थेने एखाद्या प्राध्यापकाला दिलेल्या प्रकल्पातून भारतीयाला पगार देता येतो. म्हणून अमेरिकेला जाणारा फेलोशिपचे अर्ज करत बसण्यापेक्षा प्राध्यापकाला पत्र लिहितो. मात्र प्रकल्पाचा पैसा किती ठिसूळ असतो, हे २०२५ मध्ये दिसले. त्या वर्षी तिथे बरीच संशोधन अनुदाने अर्ध्यावर रद्द झाली आणि त्यांवर पोसलेल्या जागाही अडचणीत आल्या.

पत्र कसे लिहावे

पैसा कोणाच्याही नावावर असो, पत्र लिहावेच लागते, कारण व्यक्तिगत फेलोशिपलाही यजमान प्रयोगशाळेची संमती जोडायची असते. चांगल्या प्रयोगशाळांतल्या पुष्कळ जागा जाहिरात निघण्याआधीच अशा पत्रांतून भरल्या जातात.

'आपल्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी आपला आजन्म ऋणी राहीन' अशी पत्रे शास्त्रज्ञांकडे ढिगाने येतात. तीच ओळ शंभर जणांना धाडली आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळते. समजा, एका मुलीने डासांच्या आतड्यातील जीवाणूंवर पीएच.डी. केली आहे. तिने शास्त्रज्ञाचे अलीकडचे दोन-तीन निबंध पूर्ण वाचावेत आणि लिहावे : 'तुमच्या प्रयोगात तिसऱ्या दिवशी जीवाणूंची संख्या एकदम का घटते, हा प्रश्न खुला राहिला आहे. मी प्रबंधासाठी मोजणीची जी पद्धत बसवली, तिने तो तपासता येईल असे वाटते.' पुढे आपण कधी मोकळ्या होऊ, कोणत्या फेलोशिपसाठी अर्ज करायचा विचार आहे आणि आपल्याविषयी कोणाला विचारता येईल, एवढे सांगितले की पत्र संपले. एक पान पुरे. दहा पत्रांना एक उत्तर आले तरी खट्टू होऊ नये. दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करून द्यायला हरकत नाही.

संशोधन निबंधाच्या शेवटी आभाराचा परिच्छेद असतो, तो सहसा कोणी वाचत नाही. या कामाला पैसा कोणी दिला आणि लेखकांपैकी कोण कोणत्या फेलोशिपवर होते, हे तिथे छापलेले असते. आपल्या विषयातील वीस निबंधांचे आभार वाचले की योजनांची यादी आपोआप तयार होते, आणि तीही कुणाला तरी खरोखर मिळालेल्या योजनांची. जाहिरातींसाठी 'करंट सायन्स'ची शेवटची पाने आणि 'इंडिया बायोसायन्स'चे संकेतस्थळ नियमित पाहावे. मानाची फेलोशिप देतो असे सांगून आधी हजारो रुपये मागणारे पत्र आले तर ते टोपलीत टाकावे.

हे सगळे प्रबंध सादर करण्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी सुरू करायला हवे. मारी क्युरीचेच पाहा : अर्जाची मुदत साधारणपणे सप्टेंबरात संपते, निकाल फेब्रुवारीत लागतो आणि रुजू व्हायला त्यानंतर काही महिने जातात. त्याआधी यजमान शोधून त्याच्याबरोबर प्रस्ताव लिहायचा असतो. प्रबंधाची बांधणी झाल्यावर जो पहिले पत्र लिहितो, तो किमान वर्षभर घरी बसतो.

शिफारसपत्राचे काय?

उन्हाळी फेलोशिपपासून हुम्बोल्टपर्यंत सर्वत्र शिफारसपत्र लागते, आणि पहिले शिफारसपत्र बहुधा महाविद्यालयातील किंवा कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकाकडे मागितले जाते. आपली पत्रे दाखल्यासारखी असतात : 'विद्यार्थी हुशार, कष्टाळू व मनमिळाऊ असून त्याची वर्तणूक चांगली आहे.' यातून निवड समितीला काहीच समजत नाही. त्यापेक्षा प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट लिहावी. उदाहरणार्थ : 'गांडूळखताच्या प्रयोगात तिचे आकडे तीनदा उलटेसुलटे आले. तिने ते खोडले नाहीत. तराजू ओल्या मातीचे वजन जास्त दाखवतो हे तिने शोधले, माती वाळवली आणि प्रयोग चौथ्यांदा केला.' विद्यार्थी किती जणांत कितवा आहे, हे माहीत असेल तर सांगावे. पत्र संस्थेच्या कागदावर लिहून मुदतीच्या आत शिक्षकाने स्वतः पाठवावे. अनेक योजनांत ते उमेदवाराच्या हातून स्वीकारत नाहीत.